पालथं घाल, नाव दाखव

आमच्या चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात देवाच्या खालोखाल कुणाची सत्ता चालत असेल, तर ती आर्डिस टॉलेफसनची. माझ्या आठवणीत पाच पाद्री आले नि गेले, पण कॉफीचं पिंप किती वाजता लावायचं आणि चमचे कुठल्या खणात ठेवायचे, हे आर्डिसच ठरवते. वय चौऱ्याहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, आणि आवाज इतका हळू की ती दटावत असली तरी समोरच्याला वाटतं, ही आपली तब्येत विचारतेय.

तिचा कायदा एकच आहे. आमच्या लेक आल्मा गावात कुणी गेलं की रडायच्या आधी आम्ही ओव्हन तापवतो. बटाटा, खिमा आणि डब्यातलं मशरूमचं सूप घालून हॉटडिश भाजायची आणि काचेच्या भांड्यासकट चर्चमध्ये किंवा त्या घरी पोचवायची, ही इथली रीत. वीस घरांतून वीस भांडी येतात, त्यातली निम्मी एकाच दुकानातली, म्हणून प्रत्येकीनं भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहायचं असतं. जेवणं उरकली की आर्डिस भांडी धुते, पुसते आणि ज्याचं त्याला पोचवते. ज्याच्याखाली नाव नाही ते खिडकीखालच्या फळीवर जातं. मग मालकीण येते आणि म्हणते, "अगं, ते निळं माझं." आर्डिस हात पुसत म्हणते, "असेल हं. पालथं घाल, नाव दाखव."

नाव नसेल तर भांडं मिळत नाही. बँकेच्या मॅनेजरीणबाईंना, फिलिसला, मिळालं नाही. आर्डिसच्या सख्ख्या नणंदेला मिळालं नाही. आणि मला तर नाहीच नाही. अकरा वर्षांपूर्वी माझं मधाच्या रंगाचं, कडेला टवका उडालेलं भांडं त्या फळीवर गेलं. टवका माझ्याच हातून उडालेला, मी तो शपथेवर ओळखते. चिकटपट्टी धुताना सुटली त्याला मी काय करू? पण नाही. "लव्हॉन," ती म्हणाली, "तुला दिलं तर उद्या सगळ्यांना द्यावं लागेल." मी इथल्या वाचनालयात सत्तावीस वर्षं काढली आहेत. पुस्तक उशिरा आणणाऱ्याला मीही सोडत नाही, त्यामुळे मला तोंड उघडता येईना. राग मात्र धरला. दर रविवारी कॉफी घेताना मी त्या भांड्याकडे बघायचे आणि आर्डिसला दिसेल असं बघायचे.

गेल्या फेब्रुवारीत तिचा डेलमर गेला. धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं वजनकाटा सांभाळलेला माणूस, बोलायला कंजूष आणि हसायला उदार. आर्डिसच्या घरी एक्केचाळीस भांडी आली. तिनं तीन आठवड्यांत चाळीस परत केली आणि बिननावाचं एक स्वतः उचलून फळीवर ठेवलं. स्वतःच्या दुःखातसुद्धा बाई कायद्याला चुकली नाही.

ऑक्टोबरात माशांचं आमिष विकणाऱ्या ऑर्व्हिलच्या दुकानातल्या फळ्यावर मी एक चिठ्ठी पाहिली. 'बर्फावरचं खोपटं विकणे आहे. आठ बाय बारा. शेगडीसह. आर्डिस टी.' मी ती तीनदा वाचली. ते खोपटं डेलमरनं स्वतः बांधलेलं. दर डिसेंबरात तळं गोठलं की तो ते ओढत बर्फावर न्यायचा, आत शेगडी पेटवायचा, खोपट्याच्या तळातल्या भोकातून बर्फाखाली गळ सोडायचा आणि दोघं समोरासमोर बसायची. चाळीस हिवाळे. गावात लोक नवरा-बायकोचे फोटो काढतात, या दोघांचं ते खोपटं होतं.

मी ऑर्व्हिलला विचारलं, "घेतंय कोण?"

"मीच," तो खाली बघत म्हणाला. "अठ्ठावीसशे. ती म्हणाली तेवढे. मी जास्त देत होतो, तर घेईना."

मी तडक तिच्याकडे गेले. ती मागच्या अंगणात खोपट्याच्या दारापाशी खाली बसून पॉलिश पेपर घासत होती. आमच्या राज्यात बर्फावरच्या प्रत्येक खोपट्याबाहेर मालकाची ओळख लिहावी लागते. तसं डेलमरनं लाल रंगात लिहिलं होतं, 'डेलमर आणि आर्डिस टॉलेफसन'. त्यातलं 'आर्डिस' गेलं होतं, आडनाव गेलं होतं. 'डेलमर' मात्र तसंच होतं.

"ऑर्व्हिल शनिवारी नेणार आहे," ती म्हणाली. "नवीन मालकाला जुनं नाव कशाला? चल, कॉफी घेऊ."

आता आमच्याकडची माणसं ताकाला जाऊन भांडं लपवण्यात पटाईत. पहिल्या कपाला हवा झाली. दुसऱ्या कपाला माझा गुडघा, पाद्रीबुवांची नवी गाडी आणि भोपळ्याच्या वड्या. तिसऱ्या कपाला माझा संयम संपला.

"आर्डिस, अठ्ठावीसशे डॉलर कुणाला द्यायचेत?"

तिनं बिस्किटांचा डबा उघडला आणि त्यातून एक पत्र काढून माझ्यापुढे सरकवलं. वसुली करणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं. कंपनीच्या नावात डोंगर होता, पूल होता, गाव मात्र नव्हतं. दोन हजार आठशे चाळीस डॉलर, डेलमर टॉलेफसन यांच्या नावे, मूळ देणं एका दुकानाच्या उधारी-कार्डाचं, थकलेलं.

"सप्टेंबरपासून फोन येतायत," ती म्हणाली. "ट्रेंट नावाचा मुलगा आहे. बोलायला चांगलाय. त्याच्या आईचं कमरेचं ऑपरेशन झालंय."

"तू वसुलीवाल्याच्या आईची चौकशी केलीस?"

"मग? फोन केला बिचाऱ्यानं, काहीतरी बोलायला नको? आणि इतक्यांदा फोन करून दमला असेल, म्हणून मी पंचवीस डॉलर पाठवले."

मी कप खाली आपटला. "आर्डिस! अशानं त्याला वाटणार, ही देणारी आहे. तरीच रोज फोन!"

"दिवसातून चार," ती म्हणाली. "हो. त्यानंतर वाढले खरे."

भीड माणसाला कुठं नेऊन सोडते ते मी त्या टेबलाशी बघितलं. मला तिचा इतका राग आला की दोन वड्या मी न चावताच गिळल्या. मी म्हटलं, डेलमर उधारीवर खिळासुद्धा घ्यायचा नाही हे सगळं गाव जाणतं. मग हे कार्ड आलं कुठून? विचार त्यांना. पुरावा माग.

तिनं पत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. मी चष्मा लावला. मूळ दुकान शहरातलं होतं. दागिन्यांचं.

आर्डिसच्या हातात लग्नाची साधी अंगठी आहे, बाकी अंगावर मणीसुद्धा नाही. कधी नव्हताच.

"मला त्यानं दागिना कधी घेतला नाही," ती म्हणाली. "मी मागितला नाही आणि त्यानं घेतला नाही. मग हा कुणासाठी घेतला?"

मी तोंडाला आलं ते बोलले. "कर नाही त्याला डर कशाला?"

"डर त्याला नाही, लव्हॉन. तो तिकडे टेकडीवर निवांत झोपलाय. मला आहे." तिचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच, तब्येत विचारल्यासारखा. "पैसे देऊन टाकले की विषय संपेल. झाकली मूठ राहील. खोपटं गेलं तर गेलं."

म्हणजे बाई कर्ज फेडत नव्हती. न विचारण्याची किंमत मोजत होती. मला वाईट वाटलं की मी चिडते, हा माझा जुना दोष आहे.

"वा!" मी म्हटलं. "फिलिस तुझी चाळीस वर्षांची शेजारीण. तिला तू आठ डॉलरचं भांडं दिलं नाहीस. माझं भांडं अकरा वर्षं त्या फळीवर धूळ खातंय. आणि हा कोण कुठला ट्रेंट फोनवरून म्हणतो, ते निळं माझं, की तू लगेच डेलमरचं खोपटं काढून देतेस? त्याला नाही म्हणालीस, पालथं घाल, नाव दाखव?"

तिनं खिडकीबाहेर खोपट्याकडे बघितलं.

"आणि पालथं घातलं," ती म्हणाली, "आणि खाली खरंच नाव निघालं तर?"

मी म्हटलं, निघालं तर निघालं. मी असेन इथं. पण आत्ता तू न बघताच नाव निघालं असं धरून चालली आहेस. हा तुझ्या स्वयंपाकघरातला न्याय नाही.

"नाही," ती हळूच म्हणाली. "तो नाही खरा."

वाचनालयातल्या माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात फुकट कायदेमदतवाल्यांचा एक कागद असतो. लोक तो मागताना आवाज खाली आणतात आणि म्हणतात, शेजाऱ्यासाठी हवाय. त्यात लिहिलंय की वसुलीचं पत्र आल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी कळवा की हे देणं मला मान्य नाही, पुरावा द्या. मग पुरावा देईपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. खाली हेही होतं की नवऱ्याच्या एकट्याच्या नावचं देणं बायकोनं पदरचे पैसे घालून फेडायचं असं सहसा नसतं. हे वाचून आर्डिसनं मान हलवली. "ते असू दे. मी दिले नाहीत तरी त्याच्या नावावर राहीलच ना. मला त्याच्या नावाचं काय ते कळू दे."

पत्र आल्याला बावीस दिवस झाले होते. आम्ही दुसऱ्याच दिवशी वाचनालयात बसलो. नमुन्याचं पत्र चार ओळींचं होतं, आर्डिसचं दीड पानांचं झालं. कुठल्या तारखेला घेतलं, काय वस्तू घेतली, कुठल्या दुकानातून, पावती कुठाय, सही कुणाची आणि ती मला दाखवा. भांडं कुठल्या रंगाचं, झाकण कसं, टवका कुठं, असं विचारायची तिला सवयच होती. त्या वयात मी इतकं चोख पत्र लिहिणार नाही. शेवटी मात्र तिनं आपल्या हातानं लिहिलं, 'ट्रेंटच्या आईची कंबर आता बरी असेल अशी आशा आहे.'

"हे खोड," मी म्हटलं.

"का? तिनं काय केलंय?"

पोस्टात पोचपावतीसह पत्र टाकलं. परतताना ती ऑर्व्हिलकडे थांबली. "शनिवारी येऊ नकोस," ती म्हणाली. "तळं गोठेपर्यंत थांबशील? मग सांगते काय ते."

ऑर्व्हिलनं टोपी मागे सारली. "थांबतो की. मला काय, मासे कुठं पळून जात नाहीत."

फोन थांबले. मला वाटलं, आता ती सुखानं झोपेल. पण उलटंच झालं. नोव्हेंबरभर ती खंगत गेली. टपालपेटीपाशी जायची आणि झाकण न उघडता परत यायची. रविवारी दोनदा कॉफीचं पिंप लावायला विसरली, आणि पाद्रीबुवांपासून सगळे चहा पिऊन मूग गिळून बसले. खोपट्याच्या दारावर 'डेलमर' एकटाच उरला होता, तिकडे ती फिरकत नव्हती.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या आठवड्यात ती कंपनीचं पाकीट घेऊन सरळ तळघरात आली. मी कांदे चिरत होते. तिनं ते न फोडता स्टीलच्या टेबलावर ठेवलं, जिथं ती भांडी पुसून मांडते.

"तू फोड," ती म्हणाली. मग म्हणाली, "नको. माझं मीच."

आत एकच कागद होता. यंत्रातून निघालेली एक ओळ. डेलमर टॉलेफसन, दोन हजार आठशे चाळीस, आणि एक लांबलचक आकडा. पंचवीस वजा केलेले नव्हतेच. तारीख नाही, वस्तू नाही, दुकानाची पावती नाही, सही नाही. पत्त्याची जागा रिकामी. जे त्यांनी आधी सांगितलं होतं तेच पुन्हा छापलं होतं.

आर्डिसनं कागद उजेडात धरला. मग तो उलटा केला आणि टेबलावर ठेवला. मागची बाजू कोरी होती. तिनं त्या कोऱ्या बाजूवरून हात फिरवला, भांड्याच्या बुडावरून फिरवते तसा, सुटलेल्या चिकटपट्टीचा डिंक लागतोय का ते बघायला.

"काही नाही," ती म्हणाली. "इथं कधी काही चिकटवलेलंच नाही."

मग ती खुर्चीवर बसली आणि रडली. मी कांद्याचे हात घेऊन तिच्याशेजारी उभी, त्यामुळे मी रडले ते कशानं, हे मला विचारू नका.

दुसरं पत्र तिनं एकटीनं लिहिलं. मला नुसतं वाचून दाखवलं. 'तुमचा कागद मिळाला. ही पावती नव्हे. माझ्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर यात नाही. पुरावा नसेल तर तसं लेखी कळवा, आणि माझे पंचवीस डॉलर परत करा.' आईच्या कमरेबद्दल यावेळी काही नव्हतं.

त्यानंतर दोन दिवसांनी मी तिच्याकडे गेले तर ती खोपट्याच्या दारापुढे बसलेली, शेजारी लाल रंगाचा डबा. बोटं गारठलेली, अक्षर थोडं तिरकं. 'डेलमर आणि आर्ड' इथपर्यंत आली होती. ऑर्व्हिल कुंपणापाशी उभा होता.

"म्हणजे विकायचं नाही," तो म्हणाला.

"नाही रे. तुला तसदी झाली."

"छे. मला ते मोठंच पडलं असतं," तो म्हणाला आणि निघून गेला. जाताना मोठ्यानं शीळ घालत होता.

मी म्हटलं, "आर्डिस, दुसरं उत्तर येऊ दे तरी. काय येईल कुणास ठाऊक."

"यायचं ते येईल." तिनं कुंचला डब्याच्या काठावर पुसला. "लव्हॉन, मला लाज वाटते ती याची. ज्याचा चेहरा मी पाहिला नाही अशा माणसानं फोनवर एक आकडा सांगितला, आणि एकोणपन्नास वर्षं ज्याचे मोजे मी जुळवले, त्याच्यावर मी संशय घेतला. आठवडाभर मी टेकडीवर गेले नाही. फुलं घेऊन अर्ध्यातून परत आले. पुरावा त्यांच्याकडे मागायचा होता, आणि मी तो डेलमरकडे मागत बसले."

"माणसाला वाटतं असं," मी म्हटलं.

"वाटतं. पण तो बोलून सोडवू शकत नव्हता ना." तिनं उरलेली अक्षरं काढली आणि आडनाव पुरं केलं. मग मागं सरून बघितलं. "त्याचं अक्षर यापेक्षा बरं होतं."

"थोडंसंच," मी म्हटलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ गाडी पेलण्याइतकं जाड झालं. ऑर्व्हिलनं आपल्या गाडीनं खोपटं ओढून तळ्यावर नेऊन दिलं आणि भोक पाडून दिलं. पैसे घेतले नाहीत, वड्या घेतल्या. शनिवारी सकाळी आर्डिसनं मला सांगितलं होतं की तळ्यावर येताना तिच्या टपालपेटीत काय असेल ते घेऊन ये. त्यात कंपनीचं पाकीट होतं, पातळ. मी बर्फावरून शक्य तितक्या वेगानं गेले, म्हणजे दोनदा घसरले.

आत शेगडी पेटलेली, भोकातलं पाणी काळं नि शांत. आर्डिस तिच्या बाकावर बसून दोरी धरून होती. समोरचा बाक डेलमरचा. मी उभीच राहिले.

"बस ना," ती म्हणाली. "बाक बसायलाच असतो."

मी बसले आणि पाकीट पुढे केलं.

"ठेव. आत्ता काहीतरी ओढतंय."

मी ठेवलं. मला घाम फुटला होता आणि बाईला मासा महत्त्वाचा! मासा आला, वॉलआय जातीचा, हातभर लांब, तिनं तो बादलीत सोडला, हात पुसले, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. मग पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. 'सदर देण्याची खातरजमा करणं आम्हाला शक्य झालेलं नाही. खातं बंद करण्यात येत आहे. यापुढे आपल्याशी संपर्क साधला जाणार नाही.' एवढंच. माफी नाही, कुणाचं नाव नाही.

"जिंकलीस!" मी ओरडले. "बघ, जिंकलीस!"

तिनं पाकिटात पुन्हा डोकावून पाहिलं, उलटं करून झटकलं. "माझे पंचवीस डॉलर नाही आले."

"अगं, जाऊ दे ते!"

"का जाऊ दे? सोमवारी तिसरं पत्र लिहू." ती गालातल्या गालात हसत होती. कागद तिनं घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. आनंदानं नाचावं असं काही तिनं केलं नाही. पण खांदे खाली आले होते, आणि ती समोर, माझ्या डोक्याच्या थोडं वर, जिथं डेलमरची टोपी खुंटीला असायची तिथं बघून म्हणाली, "बरं का, संपलं एकदाचं." मग म्हणाली, "भूक लागली असेल तुला. शेगडीवरचं काढ."

शेगडीवर टॉवेलात गुंडाळलेली हॉटडिश होती. मी टॉवेल सोडला. मधाचा रंग. कडेला टवका.

"हे माझं भांडं आहे!"

"हो."

"अकरा वर्षं! अकरा वर्षं मी सांगतेय!" मी ते वर उचललं आणि खालून पाहिलं. काच स्वच्छ, कोरी. "पण याच्याखाली नाव कुठाय?"

"नाही," आर्डिस म्हणाली. तिनं गळाला नवं आमिष लावलं आणि दोरी पाण्यात सोडली. "पण तुझंच आहे ते. मला पहिल्या दिवसापासून माहिती होतं."

माझं भांडण तोंडावर आलेलं तसंच राहिलं. मी वाढलं, आम्ही जेवलो, आणखी दोन मासे मिळाले. ते भांडं आता माझ्या ओट्यावर आहे. चिकटपट्टी नि शाई खणात तयार आहेत, पण नाव मी अजून लिहिलेलं नाही.